डाव्या सीटवरून दिसणारा काटा

"काकी, काटा नक्की कुठं बसवायचा?" गॅरेजवाल्या दस्तगीरभाईंनी डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढून विचारलं.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, गाडीच्या डाव्या सीटवर बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या लांबच्या प्रवासाला निघाल्यासारख्या. गाडी मात्र आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बोनेट उघडं होतं आणि बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवलेली होती.

"मी बसते तिथून दिसेल असा," आई म्हणाल्या.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. गाडी चालवणार होते मी. आईंना चालवता येत नव्हती आणि शिकण्याचं वयही राहिलं नव्हतं. बॅटरीत किती जोर आहे हे चालवणाऱ्याला कळलं म्हणजे झालं, म्हणून हे मीटर त्याच्या समोर बसवतात, असं त्यांनी आईंना समजावून सांगितलं.

"शैलाला नाही दिसला तरी चालेल. मला दिसू दे."

मी मान हलवली. दस्तगीरभाईंनी लोखंडी पट्टी डावीकडं धरून बघितली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि दोन भोकं पाडली. पट्टीत ते गोल मीटर बसवलं. निपाणीच्या बाजारातून त्यांनीच ते आणलं होतं. पांढरी तबकडी, चकचकीत कडं आणि आत केसासारखा बारीक काटा. मग एका बोल्टखालचा रंग खरवडून त्यांनी काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडली. लाल वायर हातात घेऊन ते किल्लीच्या मागं वायर शोधायला लागले.

"आता किल्ली फिरवली की काटा वर येणार," ते म्हणाले.

"आणि किल्ली फिरवली नाही तर?"

"मग खाली पडून राहणार. बंद गाडीत काय बघायचंय, काकी?"

"मला बंद गाडीतच बघायचंय."

तसं करायचं तर वायर थेट बॅटरीला जोडावी लागेल, असं दस्तगीरभाई म्हणाले. मग मीटर रात्रंदिवस चालू राहील आणि थोडी थोडी बॅटरी तेच खात बसेल. गाडी बरेच दिवस हलवली नाही, तर बॅटरी बसायची, म्हणजे ज्याच्या भीतीनं मीटर बसवायचं तेच व्हायचं. त्यांनी हे दोनदा सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाऊ दे. शैला फिरवेल रोज."

शेवटी त्यांनी इंजिनाकडच्या पत्र्यातून भोक पाडलं, वायर कापली जाऊ नये म्हणून रबरी बुश घातलं, मध्ये फ्यूज टाकला आणि लाल वायर बॅटरीपर्यंत नेली. टर्मिनल परत आवळलं तसा काटा उठला. बारा व्होल्टच्या जरा पुढं जाऊन थांबला.

आई पुढं वाकल्या. काटा थरथरायचा थांबेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही.

ही गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. आजऱ्यात तेव्हा आमच्या गल्लीत गाडी असलेलं तेवढं एकच घर होतं. अण्णा गाडी चालवायचे ते सायकल चालवल्यासारखी, प्रत्येक ओळखीच्या माणसाजवळ थांबत.

आदल्या हिवाळ्यात, दिवेलागणीच्या सुमारास, त्यांच्या छातीत कळ आली. माझा नवरा प्रसाद साखर कारखान्यावर होता. गाळप जोरात होतं, तो शिफ्टला अडकलेला. अण्णा स्वतःच उठले, किल्ली घेतली आणि म्हणाले, गडहिंग्लजला जाऊन येऊ, काही विशेष नाही. आई त्यांच्या शेजारी बसल्या. मी घराला कुलूप लावून येईपर्यंत शेडमधून नुसतं कट्, कट् ऐकू येत होतं. गाडी सुरू होईना.

शेड रस्त्यापेक्षा खाली. बाहेर काढायची तर चढ. मी आणि आईंनी मागून लावता येईल तेवढा जोर लावला. गाडी हातभर पुढं जायची आणि परत मागं यायची. शेवटी मी पळत सुटले. पलीकडच्या गल्लीतला जीपवाला घरी जेवत होता, त्याला तसाच उठवून आणला. जीपमध्ये अण्णा आणि आई मागं बसले, मी पुढं. वाटेतच, हिरण्यकेशीवरच्या पुलाच्या अलीकडं, ते गेले. मागून काही आवाज आला नाही. दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा मी मागं वळले आणि आईंचा चेहरा बघून समजले.

त्यानंतर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मी मात्र गाडी शिकले. कुणाला न विचारता, एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर. पुन्हा घरात कुणाला काही झालं तर मी गल्लीतून पळत सुटणार नव्हते. हात बसल्यावर, आई नेसरीला बहिणीकडं गेल्या होत्या तेव्हा, मी दस्तगीरभाईंना बोलावून अण्णांची गाडी सुरू करून घेतली. त्यांनी जुनी बॅटरी काढून नेली आणि नवी बसवली. आई परत आल्या तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती. पण त्या गाडीत बसायला तयार झाल्या नाहीत. मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बॅटरीत किती उरलंय ते दाखवणारा काटा मिळतो म्हणे. तो बसवून घेऊ या."

त्यांना भीती बसली आहे, असं मला वाटलं. काटा दिसला की भीती जाईल आणि त्या गाडीत बसतील. म्हणून काटा बसवला. आणि त्या गाडीत बसायला लागल्या खऱ्या, पण फक्त उभ्या गाडीत.

पहिल्यांदा सकाळी, चहा झाल्यावर. मग दुपारीही. मग मी घरात शोधायची आणि त्या शेडमध्ये सापडायच्या. तीच डावी सीट. दार लावून घेतलेलं, काचा वर. मी बोलवायला गेले की बाहेर यायच्या, स्वयंपाकाला हात लावायच्या, पण मन तिकडंच असायचं. जेवण कमी झालं. प्रसादशी बोलणं कमी झालं. रोज सकाळी मी गाडी एक चक्कर फिरवून आणायची, तेव्हा त्या ओट्यावर उभ्या राहून वाट बघायच्या. माझी नव्हे. गाडी आत लागली की माझ्या आधी त्यांचा हात दाराला जायचा.

एकदा मी चुलीच्या फाटी आणायला शेडच्या मागच्या बाजूला गेले होते. पत्र्याच्या फटीतून आतला आवाज आला. आई बोलत होत्या. हलक्या आवाजात, समोर कुणी असल्यासारख्या.

"अजून नाही. बघा, अजून नाही."

मी फाटी खाली ठेवल्या. फटीला डोळा लावायचं धाडस झालं नाही. त्या 'बघा' म्हणाल्या होत्या. घरात त्यांनी आदरानं बोलावं असा एकच माणूस होता, आणि तो त्या गाडीत चालवणाऱ्याच्या सीटवर बसायचा.

प्रसादला मी सांगितलं. तो गाडी विकून टाकू म्हणाला. आईंपुढं विषय काढला तर त्या ताट बाजूला सारून उठल्या. माझ्यादेखत एवढंच म्हणाल्या, की अजून थोडे दिवस थांबा, मग काय करायचं ते करा. आईचं डोकं ठिकाणावर नाही, कोल्हापूरला डॉक्टरला दाखवू, असं प्रसाद नंतर मला म्हणाला. मला ते पटलंही आणि पटलंही नाही. दिवेलागणीला मागच्या दारी जायचं मात्र मी टाळायला लागले.

मग तो दिवस आला. जेवणं झाल्यावर मी जरा पडले. उठले तर आई नव्हत्या. त्या कुठं असणार हे ठाऊक होतं, म्हणून घाई केली नाही. दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या, दूध तापवलं. उन्हं कलली तरी त्या आल्या नाहीत. मी मागचं दार उघडलं आणि तिथंच उभी राहिले. शेडच्या फटींतून पिवळा उजेड येत होता. शेडमध्ये दिवा नव्हता. तिथं आम्ही वीज घेतलीच नव्हती.

मी शेडपर्यंत चालत गेले. दार ढकललं. उजेड गाडीच्या आतून येत होता. छताचा बारका दिवा चालू होता आणि त्याच्याखाली आई बसल्या होत्या, काट्याकडं टक लावून.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा माणसात होता.

"ये, बस," त्या म्हणाल्या आणि चालवणाऱ्याच्या सीटकडं हात केला.

मी बसले.

"जेवण झाल्याबरोबर लावलाय हा दिवा. आता अंधार पडायला आला. काटा बघ. हललाय का?"

मी वाकून बघितलं. हलला असेल तर एखाद्या केसाएवढा.

"त्या दिवशी मीच लावला होता," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी लग्नाहून येताना त्यांची कानातली कुडी गाडीत पडली होती. ती शोधायला त्या दुपारी शेडमध्ये आल्या. अंधार होता म्हणून छताचा दिवा लावला. कुडी सापडली. सापडल्याच्या आनंदात दिवा तसाच राहिला. शेडचं दार ओढून घेतल्यावर तो कुणाला दिसणार? संध्याकाळी अण्णांनी किल्ली फिरवली तेव्हा तो विझत आलेल्या वातीसारखा लाल दिसत होता. मी घरातून यायच्या आत आईंनी बटण बंद केलं. पुढं वर्षभर ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. आधी नुसतं काट्याकडं बघायला शिकल्या. मग दिवा थोडा वेळ लावून बघितला. मग जास्त. आज दुपारपासून संध्याकाळपर्यंत, त्या दिवशीइतकाच.

"एवढ्याशा दिव्यानं काही होत नाही. हो ना? म्हणजे दुसरंच काही बिघडलं असणार तेव्हा."

बोनेटखाली नवी बॅटरी होती. तिच्यावरचा रंगही अजून उडाला नव्हता. आईंनी बोनेटखाली कधी डोकावलंच नव्हतं.

माझं गप्प बसणं त्यांनी कसं घेतलं कोण जाणे. दिवा बंद करून त्या म्हणाल्या, "उद्या दस्तगीरला बोलाव. त्याला विचारते."

दस्तगीरभाई सकाळी आले. आईंनी त्यांना चहा दिला, समोर बसल्या आणि सरळ विचारलं, की एक दिवा दुपारभर चालू राहिला तर गाडी बंद पडते का. दस्तगीरभाई म्हणाले, बॅटरी चांगली असेल तर नाही पडत.

"आणि आमची ही बॅटरी, ती तेव्हाचीच ना?"

जुनी बॅटरी स्वतःच्या हातानं उचलून नेणारा माणूस तो. त्यांनी आईंकडं बघितलं. आईंचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते, बोटं पांढरी पडलेली. दस्तगीरभाईंनी कप खाली ठेवला.

"तीच की, काकी. पाणी घालून चार्ज केली मी, बस्स. तुमच्या दिव्यानं काय बी झालेलं नाही."

मी दारात उभी होते. आईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. दस्तगीरभाई निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. तिथं ते हलकेच म्हणाले, की वहिनी, जुन्या बॅटरीत दम नव्हताच, कशानंही बसली असती. दिव्यानं बसली की आपोआप बसली ते आता देवालाच ठाऊक. जुनी बॅटरी केव्हाच भंगारात गेली होती.

त्यानंतर आई शेडमध्ये गेल्या नाहीत. पोटभर जेवल्या. प्रसाद घरी आला तेव्हा त्याच्या कारखान्यातल्या भानगडी विचारल्या. डॉक्टरचा विषय मागं पडला. त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "शैला, मला गडहिंग्लजला घेऊन जा. गाडीनं."

सकाळचं ऊन होतं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर लागल्या होत्या, त्यांच्या मागून हळूहळू जावं लागत होतं. काटा आता चौदाच्या आसपास होता. इंजिन चालू असलं की तो तिथंच असतो. आई एकदाही त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्या बाहेर बघत होत्या. पूल जवळ आला तशा म्हणाल्या, "इथं थांबव."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. वाटेत ते बंद करायची हिंमत मला कधीच होत नसे.

आई समोर काचेतून बघत बोलायला लागल्या.

"तू पुढं बसली होतीस. तुला ऐकू गेलं नाही. इथं आल्यावर ह्यांनी मला विचारलं, आतला दिवा कुणी लावला होता? रागानं नाही. नुसतं विचारलं, नेहमी बोलायचे तसं. माझा हात त्यांच्या हातात होता."

"मग?"

"मी म्हटलं, मला नाही ठाऊक."

एक ट्रॉली गडगडत शेजारून गेली. ती जाईपर्यंत आई थांबल्या.

"मग त्यांनी हात सोडला. सोडला की सुटला, ते मला आजवर कळलेलं नाही, शैला. जीव गेला म्हणून सुटला असेल. पण त्याआधी त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं. दिव्याचं मनावरून उतरलं की हेही उतरेल असं वाटलं होतं. नाही उतरत. दिव्यानं काही केलं नसेल. मी तर खोटं बोललेच की."

त्या गाडीत आणखी एक खोटं बसलेलं होतं, आमच्या दोघींच्या मध्ये, आणि ते आता मला सोसेना.

"आई, ती बॅटरी तेव्हाची नाही," मी म्हटलं. "तुम्ही नेसरीला होता तेव्हा बदलली. दस्तगीरभाई तुमचं मन राखायला तसं बोलले. मलाही बोलता आलं नाही. दिव्यामुळं झालं असेल किंवा नसेलही. आता ते कळायचं नाही."

त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा मला बोलतील. पण त्यांनी काट्याकडं बघितलं, त्या सकाळी पहिल्यांदाच, आणि नजर काढून घेतली.

"दस्तगीरला काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठीच बोलला तो."

दार उघडून त्या खाली उतरल्या. मी उतरायला लागले तर हातानं थांबवलं. रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडाच्या तोंडाशी त्या जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. पदर सारखा केला. लांबून ट्रॅक्टर येत होता, तो जाऊ दिला. धुरळा बसू दिला. मग मोठ्यानं, स्वच्छ आवाजात, घरातून ओट्यावरच्या माणसाला सांगावं तशा म्हणाल्या,

"अहो, दिवा मीच लावला होता. कुडी शोधायला गेले होते. विसरले मी."

फडात काही हललं नाही. त्या तिथं उभ्या राहिल्या. उत्तराची वाट बघत होत्या असं मला वाटलं, आणि माझ्याही नकळत मीही कान देऊन बसले होते. इंजिनाचा आवाज तेवढा येत होता.

मग त्या परत आल्या, डाव्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं.

"माघारी फिरू या का?" मी विचारलं.

"नको. दवाखान्यापर्यंत जाऊ. तेवढं राहिलंच होतं."

मी गाडी रस्त्यावर घेतली. पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला. हात गिअरवरून उचलणार तोच आईंनी तो धरला. बर्फासारखा गार हात होता त्यांचा. तोंड खिडकीकडं होतं. तिसऱ्यासाठी मला तो हात सोडवून घ्यावा लागला असता. इंजिन ओरडायला लागलं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, मग दिवे दाखवले, मग शिवी देत पुढं निघून गेला. पूल गेला, चढ गेला, गडहिंग्लजची घरं दिसायला लागली. मी गाडी दुसऱ्यावरच ठेवली.